एका वाडीचं हळवं भात

आक्कानं अट घातली तेव्हा मी तिच्या चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी हाणत होतो. त्यामुळं प्रसंगाला शोभेल असा चेहरा करणं मला जमलं नाही.

“यंदा भात घरात आलं तर मी हितंच ऱ्हाणार,” ती म्हणाली. “न्हाई आलं तर तुझ्या दुकानामागच्या खोलीत येऊन ऱ्हाते. तसं माझ्या लेकाला सांग. रोज फोनवर ‘आय, खाली ये, आय, खाली ये’ करतोय. कान किटलं माझं.”

“मी सांगू?”

“मग कोण सांगणार? मामा कशाला झालास?”

आक्का माझी थोरली बहीण. मूळ आम्ही त्याच वाडीचे, गुंद गावाच्या वरच्या अंगाला, पार जंगलात. वडील तरुणपणी डोंगर उतरून रामनगरला आले आणि त्यांनी कोयते, दोरखंड, बादल्या, खिळे असलं विकायचं दुकान टाकलं. मी त्या दुकानात वाढलो आणि तिथंच रुंद झालो. आक्काला मात्र त्यांनी परत वर, वाडीतच दिली. दाजी वारल्यापासून ती एकटी असते. मुलगा गोव्यात कारखान्यात आहे. ती मला तम्मा म्हणते, कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. ती बाजारात आली आणि लांबून “ए तम्मा” म्हणून ओरडली, की लोक आधी एखादं लहान पोर शोधतात. मग मी टक्कल पुसत पुढं होतो.

आमच्या डोंगरात पूर्वी पाऊस कंटाळा येईपर्यंत पडायचा, पण थांबायच्या वेळी शहाण्यासारखा थांबायचा. आता त्याचं काही खरं नाही. भाताच्या रोपांचा तरवा टाकला की गडप होतो. रोपं पिवळी पडली की एकदम येतो आणि बांध घेऊन जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, भात कापून शेतात आडवं पडलेलं असताना, परत येतो. लागोपाठ दोन वर्षं आक्काच्या कापलेल्या भाताला शेतातच कोंब आले. ते तिनं गुरांना घातलं आणि वर्षभर माझ्याकडून तांदूळ नेला. म्हणजे मी द्यायचो आणि ती नेताना असं तोंड करायची की जणू माझ्यावरच उपकार चाललेत. माझी बायको म्हणायची, “वन्सं तांदूळ न्यायला आल्या, की तुम्हीच चोरी केल्यासारखे उभे राहता.”

खरंच होतं ते.

आक्कानं अट घातली त्याच उन्हाळ्यात एका संस्थेची माणसं वाडीत बैठक घ्यायला आली. शाळेच्या खांबाला आणि फणसाला मिळून एक कापडी फलक बांधला होता. त्यावर कन्नडात लिहिलेलं लांबलचक वाक्य होतं: डोंगराळ प्रदेशानं बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं धोरण, वगैरे. मी आक्काला नवी बादली द्यायला गेलो होतो आणि पँट घातलेला दिसलो, म्हणून मला दुभाषा केलं. वास्तविक वाडीत सगळ्यांना कन्नड येतं, माझ्यापेक्षा बरं येतं. पण आलेल्या मॅडमचं कन्नड पुस्तकातलं होतं. ते मी आमच्या मराठीत आणायचो आणि तोवर लोक उत्तर देऊन मोकळे झालेले असायचे. मी आपला मागून धावत होतो, बैल पुढं गेल्यावर गाडीला धक्का देणाऱ्या माणसासारखा.

“जुळवून घ्यायचं म्हणतात,” मी फलक वाचून सांगितलं.

“माझ्या लग्नात बी ह्येच सांगितलं हुतं,” आक्का मागून म्हणाली. “नवरा बरा निघाला. ह्यो पाऊस तसा न्हाई.”

बायका हसल्या. मॅडमनी विचारलं, काय म्हणाल्या? मी ते कन्नडात सांगितलं आणि त्याही हसल्या. खरं सांगायचं तर मला त्यांच्यात खोट काढायची होती. शहरातून आलेल्या माणसात खोट काढली की आपण जरा उंच होतो. पण काही सापडेना. बाई चालत वर आल्या होत्या, पुढ्यात आलेलं जेवल्या होत्या आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसत होत्या. हे तर मला घरीसुद्धा जमत नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. वाडीत पिकतं ते गरवं भात, म्हणजे उशिरा पिकणारं. ते नेमकं त्या परतीच्या पावसात सापडतं. त्याऐवजी हळवं भात लावावं. ते लवकर पिकतं, दसऱ्याच्या आगेमागे कापून घरात येतं. मग दिवाळीत पाऊस येऊ दे नाहीतर न येऊ दे.

सगळ्यांनी गावकारमामांकडं बघितलं. गावकार म्हणजे वाडीचे मुख्य. आमच्यात तरव्याची पहिली मूठ त्यांच्या हातानं पडते आणि मग बाकीची घरं पेरतात. त्यांच्या आधी कुणी पेरत नाही आणि त्यांच्यामागं रेंगाळतही नाही. लहानपणी मला वाटायचं, हा मानापानाचा भाग असेल. मामांनी त्या दिवशी त्याचं कारण सांगितलं.

“येकट्यानं हळवं लावून चालायचं न्हाई,” ते म्हणाले. “ज्येचं आदी पिकंल, जंगल त्येच्याच शेतात उतरंल. डुकरं, चितळं, गवं, समदी. म्हणून तर आमी येकदम पेरतो. समद्यांचं येकदम पिकलं की खाणाराचं तोंड वाटलं जातंय. ह्येचं थोडं, त्येचं थोडं. कुणाचंच घर बसत न्हाई.”

हे मी मॅडमना सांगितलं, आणि सांगताना माझी छाती उगाचच फुगली, जणू ही अक्कल माझ्याच दुकानात मिळते. मॅडमना ते फार आवडलं. म्हणाल्या, मग अख्ख्या वाडीनं लावायचं. यंदा ही एक वाडी करून बघू. नीट झालं की बाकीच्या वाड्या बघून आपोआप करतील.

किती शहाणपणाचं वाटलं ते! मला वाटलं, मामांना वाटलं, सगळ्यांना वाटलं. कुणी म्हणजे कुणी त्यात काही काढलं नाही.

तरी घराघरात कुरकुर होतीच. हळव्याचा भात चवीला पाणचट असतो, पेंढा आखूड पडतो, गुरांना पुरत नाही. मामा प्रत्येक अंगणात जाऊन विचारत होते. आक्काच्या अंगणात आले तेव्हा ती म्हणाली, “मामा, तुमाला बाकीची वर्सं हायती. मला ह्येच येक हाय. ह्या साली न्हाई आलं तर मी खाली जाणार.”

मामांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. दाजी त्यांचे सख्खे पुतणे. मग उठले. “लावू या तर,” म्हणाले.

बियाण्याची पोती मीच माझ्या टेम्पोतून वर नेली. उतरवताना पाठीत उसण भरली आणि पुढं आठवडाभर दुकानात मी नमस्कार केल्यासारखा वाकून उभा होतो. गिऱ्हाईकं खूश होती.

पेरणी झाली. पावसानं मधे नेहमीसारखा दगा दिला, पण हळवं भात जात्याच घाईचं, ते तगलं. गणपतीत मी वर गेलो तेव्हा अख्खी शेतवडी निसवली होती. लोंब्या बाहेर, दाण्यात दूध. खालच्या वाड्यांतलं गरवं भात अजून नुसतं पात्यांवर होतं. आक्का बांधावर उभी राहून मला दाखवत होती आणि दाखवताना अंगठ्यानं लोंबी जरा दाबत होती. तिला इतकी हरखलेली मी दाजी गेल्यापासून बघितली नव्हती.

“तुझी ती खोली,” ती म्हणाली, “दुसऱ्या कुणाला भाड्यानं देऊन टाक.”

“मी रंग मारून ठेवलाय की तिला.”

“मग तूच जाऊन ऱ्हा तिच्यात. वैनीला जरा इसावा मिळंल.”

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. “मामा, आई फोन उचलत नाही. उचलला तर दिवसाची झोपलेली असते. तुम्ही जाऊन या.”

गेलो तर भर दुपारी आक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. मांडीवर पत्र्याचा डबा आणि काठी, हात तसाच काठीवर. वाडीत सगळीकडं तेच. एरवी ज्या वेळी उखळाचा, पोरांचा, कोंबड्यांचा आवाज असतो त्या वेळी माणसं मिळेल तिथं आडवी झाली होती. रात्रभर डबे वाजवून, ओरडून सगळ्यांचे घसे बसले होते. मी तिला उठवलं नाही. शेताकडं गेलो.

आक्काचं शेत जंगलाच्या बाजूचं, सगळ्यात कडेचं. भात कापलेलं नव्हतं, पण लोंब्या नव्हत्या. वरून विळ्यानं छाटावं तसं ते खाल्लं होतं, आणि उरलेलं चिखलात लोळवलं होतं. गव्यांच्या खुरांचे खोल खड्डे पडले होते, त्यांत पाणी साठलं होतं आणि पाण्यावर दाणे तरंगत होते. पलीकडं डुकरांनी बांधच उकरला होता. त्याच्या पुढच्या शेतात थोडं उभं होतं. त्याच्या पुढं परत लोळवलेलं.

गावकारमामा मधल्या बांधावर उकिडवे बसले होते. आवाज पार गेलेला, घोगरा.

“जनावरं दरसाल येतात की,” मी म्हणालो. दुसरं काय बोलणार? “यंदाच एवढी कशी?”

“तम्मा, येताना खालच्या वाडीचं भात बघितलंस?”

“बघितलं की. हिरवंगार हाय.”

“आन् त्येच्या पलीकडच्या वाडीचं?”

“ते बी हिरवंच. गरवं न्हवं काय ते.”

“मग ह्या डोंगरात पिकल्यालं भात कुठं हाय?”

मी वळून खाली बघितलं.

मामा समोर बघत होते. तिकडं, दरीपलीकडं, झाडीतून मधूनच खालच्या वाड्यांच्या हिरव्या चौकटी दिसत होत्या. एकही पिवळी नव्हती. पिवळे आम्हीच, सगळ्या जंगलाला लांबून दिसू असे.

“आमी समद्यांनी मिळून पेरलं,” मामा म्हणाले, “आन् तरी येकट्यानंच पेरल्यागत झालं. माझ्या आज्यापासनं ह्या डोंगरात समद्या वाड्या येकच भात लावत आल्या. कुणी म्होरं न्हाई, कुणी मागं न्हाई. म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई रं, की आमची वाडी म्हंजे बी येक शेतच हाय.”

मला त्यांचं सांत्वन करायचं होतं. मी म्हणालो, “मामा, मॅडमच्या बी ध्यानात आलं न्हाई.”

“त्या बाईचा काय संबंध? ती परगावची. गवा कुठनं कुठं जातो, ते आमाला ठावं असाय पायजे.” त्यांनी चिखलातला एक दाणा उचलला. “ठावं हुतं बी. पर शेताचं ठावं हुतं. वाडीचं इच्यारलं न्हाई कुणी, आमी बी इच्यारलं न्हाई.”

मी परत ओसरीवर आलो तेव्हा आक्का जागी झाली होती. मला बघून तिनं डबा मांडीवरून खाली ठेवला.

“कवा आलास? जेवलास?”

“शेतात जाऊन आलो.”

“मग कशाला जेवशील,” ती म्हणाली, आणि उठून माझ्यासाठी भात वाढायला आत गेली. तो माझ्याच घरून नेलेला तांदूळ होता.

त्या दिवसांत खालच्या वाडीतला एक ओळखीचा माणूस खिळे घ्यायला दुकानात आला. हसत होता. म्हणाला, “तुमची वरची मंडळी लई भली बघा. रातभर जागून जंगलाला जेवाय घालत्यात. आमच्याकडं यंदा येक डुक्कर न्हाई. निवांत घोरतोय आमी.” मी त्याला खिळे जरा गंजके दिले. एवढाच सूड मला घेता आला.

पण त्याचं हसू टिकलं नाही. दिवाळीच्या आधी पाऊस आला. अगदी मॅडमनी सांगितला होता तसा, भात कापून आडवं पडलेलं असतानाच. खालच्या वाडीचं गेलं, त्याच्या पलीकडच्या वाडीचं गेलं. म्हणजे मॅडमचं बरोबर होतं. मामांचंही बरोबर होतं. सगळ्यांचं बरोबर असून कुणाच्याच घरात भात आलं नाही.

मॅडम पुन्हा एकदा आल्या. मी त्या वेळी दुभाषा नव्हतो, दुभाष्याची गरजच नव्हती. त्या आक्काच्या शेतात चिखलात उभ्या राहिल्या आणि मामांचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे सगळ्या वाड्यांनी एकदम करायला हवं होतं. मामा म्हणाले, व्हय. त्या म्हणाल्या, हे मी वर कळवीन. पण संस्थेचं इथलं काम आता संपलंय, पुढचं दुसऱ्या डोंगरात आहे. हे सांगताना त्यांनी मामांकडं बघितलं नाही. जाताना आक्काचा हात मात्र बराच वेळ धरून ठेवला. आक्कानं त्यांना वाटेत खायला उकडलेली कंदमुळं बांधून दिली. मी तिच्या जागी असतो तर दिली नसती, पण मी दुकानदार माणूस.

आक्कानं अट घातली होती आणि त्या अटीत ती हरली होती. तरी ती लगेच खाली आली नाही. मामांनी तिला थांबवलं. “माघातल्या उळवीच्या जत्रेतोवर ऱ्हा,” म्हणाले. “समद्या वाड्यांची माणसं तिथं गावतील. मी बोलतो. पुढल्या साली समद्यांनी येकदम हळवं लावलं, तर तुझं भात कुठं जातंय?”

मीही जत्रेला गेलो. आक्काच्या वतीनं म्हणा, नाहीतर भजी खायला म्हणा. दर्शन झाल्यावर मामांनी पाच-सहा वाड्यांची म्हातारी माणसं एका बैलगाडीच्या सावलीत गोळा केली. पान-सुपारी पुढं ठेवली आणि बसक्या आवाजात सगळं मांडलं. मला वाटलं नव्हतं इतकं चांगलं मांडलं.

“म्हंजे तुमी येकट्यानं पंगत वाढलीसा,” एक म्हातारा म्हणाला, “आता आमाला बी वाढपी करताय व्हय?”

सगळे हसले, मामासुद्धा हसले.

“पंगत तर बसणारच हाय,” मामा म्हणाले. “वाढपी वाढलं तर येकाच घरचं भांडं रिकामं हुणार न्हाई.”

दुसरा जरा विचारी होता. त्यानं विचारलं, “आमी पाच-सहा वाड्यांनी केलं, समजा. मग त्येच्या पलीकडच्या वाड्या? त्यांचं गरवंच ऱ्हाणार. मग तिकडचं जंगल आमच्यावर येणार. त्यांना बी सांगाय लागंल. मग त्येच्या पलीकडं? हे कुठवर सांगत जायाचं?”

“गवा चालतो तितवर,” मामा म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही. मग पहिला म्हातारा म्हणाला, “तुमची शेतवडी बघितलीया आमी, गावकार. तसली बघून कुणाचं मन हुईल?” आणि दुसरा म्हणाला, “इच्यार करू.” आमच्याकडं ‘विचार करू’ म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. पान खाऊन एकेक जण उठला.

मामांनी उरलेली सुपारी परत कनवटीला लावली. मी त्यांना भजी आणून दिली. त्यांनी ती नुसती हातात धरून ठेवली.

उन्हाळ्यात मी टेम्पो घेऊन आक्काला आणायला गेलो. बायकोनं खोलीत नवी चटई टाकली होती आणि भाचा गोव्याहून दिवसातून दोनदा विचारत होता, निघालात का, निघालात का. सामान काही फार नव्हतं. मी मोठ्या गोष्टी उचलतो असं म्हणून फक्त उशा उचलल्या.

आक्का घराला कुलूप लावत होती तेव्हा मामा आले. खांद्यावर कुऱ्हाड, काखेत तासलेल्या खुंटांचा भारा. ओसरीवर बसले, पाणी प्याले, पण उठेनात.

“बोला की मामा,” आक्का म्हणाली.

“कुंपणाचं इच्यारायचं हुतं.”

पेरणीआधी दरसाल शेतवडीभोवती काट्याकुट्याचं कुंपण घालतात. सगळ्या वाडीचं मिळून एकच. ज्याचं शेत ज्या बाजूला, त्यानं तेवढा पट्टा घालायचा आणि वर्षभर सांभाळायचा. आक्काचं शेत कडेचं, त्यामुळं सगळ्यात लांब पट्टा तिचा. गेली काही वर्षं ती तो कसाबसा घालत होती.

“तुझं शेत कुंपणात घेतलं,” मामा जमिनीकडं बघत म्हणाले, “तर त्यो पट्टा घालाय आता हात न्हाईत आमच्याकडं. आन् भायेर ठेवलं तर...” बाहेर ठेवलं तर दोन पावसाळ्यांत तिथं रान माजणार, हे मलाही कळत होतं. “तुझ्या तोंडनं ऐकल्याबिगार खुंट मारायचा न्हाई, असं ठरवलंय मी.”

“मी येऊन घालतो की पट्टा,” मी बोलून गेलो. “दुकान बंद ठेवून येतो.”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. नंतर माझ्या पोटाकडं, नंतर काखेतल्या उशीकडं. आक्का आधी हसली. मग मामा हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. त्यातच आक्काचं हसू थांबलं.

“आतनं घाला, मामा, माझं शेत सोडून,” ती म्हणाली.

“बघ बाई. परत सांगतो.”

“बघितलंय. चला, मी बी येते. पयला कुठं मारताय ते बघते.”

आम्ही तिघं शेतवडीत उतरलो. आक्काचं शेत आणि तिच्या जावेचं शेत यांच्यामधल्या बांधावर मामा थांबले. आता यापुढं जावेचं शेत कडेचं. मामांनी एक खुंट उभा केला, आणि तो धरायला मी पुढं होणार तोच आक्का खाली बसून दोन्ही हातांनी तो धरून राहिली. मामा कुऱ्हाडीच्या पाठीनं मारायला लागले. माती कडक होती. पाठीमागं तिचं शेत तसंच उघडं पडलं होतं, गेल्या वर्षीच्या खुरांचे खड्डे वाळून कडक झालेले.

“वाकडा जातोय,” ती म्हणाली. “जरा माझ्या अंगाला घ्या.”

मामांनी घेतला. आणखी चार घाव मारले. आक्कानं खुंट हलवून बघितला, हलला नाही तेव्हा सोडला, आणि भाऱ्यातला दुसरा खुंट उचलून बांधावर पुढं गेली.